छाट विकणारा कधी बुडत नाही



मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत गेले दोन महिने एक रंगीत पत्रक फिरते आहे. वर हिरवट-पिवळे फूल, खाली काळ्या शेंगांची जुडी आणि मध्ये मोठ्या अक्षरांत: 'केशरानंतर जगातला सर्वांत महाग मसाला, आता तुमच्या शेडनेटमध्ये!' व्हॅनिलाचे छाट कंपनीचे, सल्ला कंपनीचा, माल परत घेण्याची हमी कंपनीची. शेतकऱ्याचे काय? जमीन, पाणी, आणि सातबाऱ्यावरचा बोजा. तीन गावांतून मला विचारणा झाली, "तुम्ही शेतकीचे पदवीधर. करावे की नाही?" प्रत्येकाला तोंडी उत्तर देत बसण्यापेक्षा जिल्हा बैठकीसाठी छापूनच देतो. उद्या मी शब्द फिरवला तर हा कागद माझ्यापुढे धरा.

आधी माझा कबुलीजबाब. २००३ साली पदवी घेऊन मी बाहेर पडलो आणि पहिली नोकरी लागली ती एका रोपवाटिकेत. मोटारसायकल, पेट्रोलचा भत्ता, हातात एक फाइल. फाइलमध्ये व्हॅनिलाचे फोटो. त्या वर्षी केरळ-कर्नाटकात हिरव्या शेंगेला किलोमागे तीन हजार रुपयांच्या वर भाव निघत होता, आणि ती वर्तमानपत्रातली कात्रणे दाखवून मी छाट विकत होतो. शेतमजुराच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढा एका छाटाचा दर. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याने माझ्या शब्दावर दोनशे छाट घेतले. नाव सांगत नाही. गाव लहान आहे. ओढ्याकाठी त्यांची नारळ-आंब्याची बाग होती. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी दावणीचे दोन बैल विकले. मी म्हणालो होतो, "काका, तीन वर्षांनी ट्रॅक्टर घ्याल."

तीन वर्षांनी, २००६ मध्ये, काकांचा निरोप आला. शेंगा लागल्या होत्या. मी तोवर ती नोकरी सोडली होती, रोपवाटिकेचा फोन लागत नव्हता, आणि गावात तोंड दाखवायला माझ्याशिवाय कोणी उरले नव्हते. अकरा किलो हिरव्या शेंगा निघाल्या. गोणी घेऊन आम्ही दोघे कल्याणच्या बाजारात गेलो. एका अडत्याने शेंग हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, "याची भाजी कशी करतात?" त्याचा दोष नाही. व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेला वासच नसतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण विकताना ते मी काकांना सांगितले नव्हते. त्या दिवसापासून मी बियाणे, रोपे, औषधे विकणाऱ्यांच्या बाजूने बोलणे सोडले. संघटनेच्या कामात आलो तो असा.

आता पीक काय आहे ते पाहू. व्हॅनिला म्हणजे आपल्या आंब्याच्या फांदीवर वाढणाऱ्या आमरीची लांबची बहीण. मूळ मेक्सिकोतले. तिला एकवीस ते बत्तीस अंश तापमान, निम्मी सावली, दमट हवा आणि वर्षभर विखुरलेला पाऊस लागतो. पांगारा किंवा गिरिपुष्पाच्या आधाराने वेल चढवायचा, हात पुरेल एवढ्या उंचीवरून खाली वळवायचा, बुडाशी पालापाचोळा घालायचा. तिसऱ्या वर्षी फूल येते. ते फूल एका सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. नर आणि मादी भागांमध्ये एक पातळ पडदा असतो. तो काडीने उचलून परागाचा गोळा अंगठ्याने दाबावा लागतो. आपल्याकडे हे काम करणारी माशी नाही, म्हणून माणूस लागतो. दुपारच्या आत फुलाला हात लागला नाही तर त्या फुलाची शेंग गेली. फुलोऱ्याच्या दिवसांत घरात लग्न असो की मयत, कोणीतरी बागेत हवेच.

ही काडीची युक्ती कोणा शास्त्रज्ञाने नव्हे, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरच्या एदमाँ आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने १८४१ साली शोधली. जगातला व्हॅनिलाचा सारा धंदा त्या पोराच्या बोटांवर उभा राहिला. तो स्वतः १८८० साली दारिद्र्यात मेला. या पिकाची कुळकथाच अशी आहे, हे लक्षात ठेवा.

शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने. मग खरे काम सुरू होते. हिरव्या शेंगा ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात तीनेक मिनिटे बुडवायच्या. पाणी जास्त तापले तर शेंग शिजते, कमी तापले तर मुरत नाही. मग घोंगडीत गुंडाळून लाकडी पेटीत घाम आणायचा. आठ-दहा दिवस रोज तास-दोन तास ऊन देऊन पुन्हा गुंडाळायच्या. तीन-चार आठवडे सावलीत फळ्यांवर सुकवायच्या. शेवटी पेटीत बंद करून दोन-तीन महिने मुरवायच्या. रोज एकेक शेंग हाताखालून घालायची, बुरशी दिसली की बाजूला काढायची. पाच-सहा किलो हिरव्या मालाचा एक किलो पक्का माल होतो. त्या एका किलोत तीनशेच्या आसपास शेंगा, म्हणजे तीनशे फुलांना लावलेला हात.

काकांच्या अकरा किलोंवर आम्ही हे सगळे पुस्तक उघडे ठेवून केले. निम्म्या शेंगांना बुरशी आली. उरलेल्या मात्र काळ्या, तेलकट, मऊ झाल्या आणि घरभर वास सुटला. काकूंनी एक शेंग उभी चिरली, आतले काळे बारीक बी सुरीच्या पाठीने खरवडून कोमट दुधात घातले, सालही त्याच दुधात टाकून ठेवली आणि स्वतःच्या तांदळाची खीर केली. खीर उत्तम झाली. काकू म्हणाल्या, "वास चांगला आहे, साहेब. पण आमच्या वेलचीपेक्षा याला एवढे पैसे कोण देणार?" फाइल घेऊन फिरणाऱ्या पदवीधराला हा प्रश्न तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता.

उरलेल्या शेंगा मी डोंबिवलीच्या एका बेकरीवाल्याकडे नेल्या. त्याने वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अस्सल आहे." मग फळीवरची इसेन्सची बाटली खाली ठेवली. "ही मला महिनाभर पुरते. तुमची शेंग घातली तर माझा केक कोण घेईल?" त्याचाही दोष नाही.

दोष कोणाचा ते समजून घ्या. शेंगेच्या वासातला मुख्य पदार्थ व्हॅनिलिन. जर्मनीत टीमान आणि हारमान या रसायनतज्ज्ञांनी १८७४ साली तो कारखान्यात बनवला. आज जगात खपणाऱ्या व्हॅनिलिनचा बहुतेक सगळा भाग कारखान्यातला, आणि त्यातला मोठा वाटा खनिज तेलापासून निघालेल्या कच्च्या मालाचा. उत्तम मुरलेल्या शेंगेत व्हॅनिलिन असते शेकडा दोन. म्हणजे कारखान्याच्या एक किलो पांढऱ्या पुडीची बरोबरी करायला पन्नास किलो पक्क्या शेंगा, अडीचशे-तीनशे किलो हिरवा माल, पंधरा हजार फुले. ती पुडी ठोक बाजारात हजार-दीड हजार रुपये किलोने मिळते. वास तयार करायला शेतकरी लागतच नाही, ही गोष्ट एमआयडीसीच्या शेजारी झोपणाऱ्या डोंबिवलीकराला तरी समजावून सांगायला नको.

पत्रकवाले म्हणतील, अस्सल मालाचे गिऱ्हाईक वेगळे असते. असते. शेंगेत व्हॅनिलिनखेरीज इतर कितीतरी वास असतात, त्यांची किंमत मोजणारे लोक आहेत. पण ते थोडे आहेत, दूर आहेत, आणि त्यांचा भाव मुरबाडात ठरत नाही. जगातली सुमारे ऐंशी टक्के व्हॅनिला एकट्या मादागास्करची. एप्रिल २००० मध्ये तिथे हुदा चक्रीवादळ आले, बागा झोपल्या, त्यात राजकीय गोंधळ झाला आणि २००३ पर्यंत पक्क्या शेंगेचा भाव किलोला पाचशे डॉलरच्या घरात गेला. तेव्हाच आपल्याकडे माझ्यासारखे फाइलवाले हिंडू लागले. भाव चढल्याबरोबर आईस्क्रीमवाल्यांनी पुडी उचलली, जगभर नव्या बागा लागल्या आणि २००५ मध्ये भाव पन्नास डॉलरच्या खाली आला. आपल्या देशात तीन हजारांची हिरवी शेंग शंभराच्या आत आली. ज्यांनी छाट लावले होते त्यांची शेंग लागली ती नेमकी या भावात.

तोच खेळ पुन्हा झाला. मार्च २०१७ मध्ये एनावो वादळ, २०१८ मध्ये सहाशे डॉलर किलो, चांदीपेक्षा महाग. मादागास्करचा शेतकरी बागेत कोयता घेऊन झोपत होता आणि चोरी ओळखता यावी म्हणून वेलावरच्या शेंगांवर सुईने खुणा टोचत होता. २०२३ मध्ये पुन्हा भाव गडगडला. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने मादागास्करच्या मालावर ४७ टक्के कर जाहीर केला आणि मग काही महिन्यांत तो खाली आणला. वादळ तिकडे, कर तिकडे, पुडी तिसरीकडे, आणि बोजा मात्र शहापूरच्या सातबाऱ्यावर.

सभेत कोणीतरी उठून म्हणेल, मग सरकारने व्हॅनिलाला हमीभाव द्यावा. मादागास्करच्या सरकारने ते करून पाहिले. २०२० मध्ये निर्यातीचा किमान भाव किलोला ३५० डॉलर ठरवला, पुढच्या वर्षी २५० वर आणला. खरेदीदारांनी काय केले? हात आखडला आणि पुडी वाढवली. माल गोदामात पडून राहिला. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने किमान भाव काढून टाकला आणि साठलेला माल एकदम बाजारात आला. भात, कांदा, दूध यांना घामाचा दाम मागणे वेगळे. ते माणसाला खावेच लागते. ज्या मालाशिवाय गिऱ्हाइकाचे काही अडत नाही त्याला हमीभाव कागदावरच राहतो.

आता पाण्याकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. ठाणे जिल्ह्यात पाऊस कमी नाही, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण पडतो चार महिन्यांत. तेव्हा वेलाच्या मुळाशी पाणी साचते आणि मूळकूज, खोडकूज लागते. नंतर आठ महिने कोरडे. व्हॅनिलाला फुलोऱ्याच्या आधी थोडा ताण चालतो, पण फेब्रुवारीपासून मेपर्यंत, फुले आणि कोवळ्या शेंगा असताना, हवेत ओल लागते. पत्रकात 'फॉगर' म्हणून जो खर्च दाखवला आहे तो याचसाठी. कोडगू, वायनाड, उत्तर कन्नडच्या सुपारीबागांत ही ओल बरीचशी निसर्ग देतो. इथे ती विजेने आणि पंपाने द्यायची. भातसा, तानसा, मोडकसागर शहापूरच्या उशाशी. त्यांचे पाणी नळातून मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावतात. त्या तालुक्यात जाऊन कोणी सांगतो, उन्हाळ्यात हवेत पाणी फवारा! ज्याच्या विहिरीला मे महिन्यात प्यायला पाणी नाही त्याच्या गळ्यात फॉगरचे कर्ज घालणे याला मी सल्ला म्हणत नाही.

मग शेतकऱ्याने नवे पीक करूच नये काय? हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा कंपनीचा माणूस असतो. जरूर करावे. ज्याच्याकडे उभी नारळ-सुपारीची बाग आहे, बारमाही पाणी आहे आणि घरात सकाळी मोकळे हात आहेत, त्याने पाच-पंचवीस वेल हौसेने लावावेत, मुरवायला शिकावे. पैसा आहे तो मुरवण्यात. हिरवी शेंग विकणारा कच्चा माल विकतो, आणि कच्चा माल विकणाऱ्याचे काय होते हे कापूसवाल्यांना आणि ऊसवाल्यांना विचारा. पत्रकातली कंपनी हिरवी शेंगच परत घेणार आहे, मुरवणार स्वतः. म्हणजे धोका वेलाचा तुमचा, नफा शेंगेचा त्यांचा.

शिवाय कंपनीला शेंगेची गरजही नाही. तिचा धंदा छाटाचा. वेलाचे मीटरभर तुकडे करून विकायचे, जोवर नवा शेतकरी सापडतो तोवर जुन्याकडचे छाट विकत घेऊन त्याला भाव दाखवायचा. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजना अशाच चालल्या, इतक्या की १९९९ मध्ये सेबीला त्यासाठी वेगळे नियम करावे लागले. मग सफेद मुसळी आली. मग इमू आला, २०१२ मध्ये त्याचे पिंजरे रिकामे झाले. मग कडकनाथ, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी रस्त्यावर आले. पक्षी बदलतो, वेल बदलतो, पत्रक तेच. यात माल विकणारा बुडतो, माल खाणारा सापडत नाही. छाट विकणारा कधी बुडत नाही.

तेव्हा कंपनीचा माणूस दारात आला तर त्याला चहा द्या आणि पाच प्रश्न विचारा:

१. तुमच्या छाटांवर ठाणे जिल्ह्यात तीन वर्षे पूर्ण होऊन शेंग निघालेली बाग दाखवा. छाट विकून नव्हे, शेंग विकून पैसे मिळालेला शेतकरी दाखवा.

२. परत खरेदीचा भाव आज लिहून देता की 'त्या वेळच्या बाजारभावाने'? तो बाजार कोणता?

३. तुम्ही शेंग कोणाला विकता? त्याचे नाव आणि मागची बिले दाखवा.

४. वेल कुजला, फूल आले नाही, तर छाटांचे पैसे कोण सोसणार?

५. कर्ज माझ्या नावावर का? तुमचा एवढा विश्वास आहे तर शेड तुमच्या पैशाने उभारा, मी जमीन आणि मजुरी देतो, निम्मे-निम्मे.

पाचव्या प्रश्नाला चहा अर्धा टाकून जो उठेल, त्याला जाऊ द्या.

आता शेवटचे, आणि बैठकीने ठराव करण्याजोगे. आपल्या दाराशी ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे आहेत. तिथे रोज व्हॅनिलाचे आईस्क्रीम, केक, बिस्कीट, कस्टर्ड खपते. डोंबिवलीत कितीतरी भगिनी घरी केक करून संसाराला हातभार लावतात. या सगळ्यात शेंग जवळजवळ कुठेच नाही, पण डब्यावर फूल आणि शेंगेचे चित्र आहे. मागे बारीक इंग्रजीत 'नेचर आयडेंटिकल', म्हणजे 'निसर्गासारखे'. निसर्गाचे नव्हे. अमेरिकेत शेंगेचाच वास असेल तरच आईस्क्रीमला नुसते 'व्हॅनिला' म्हणता येते, बाकीच्यांना नावातच कबुली द्यावी लागते. आपल्याकडेही वनस्पती तेलाच्या मालाला आईस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. दुधाला जो न्याय तो शेंगेला का नाही? अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. त्याच्या नियमांत एवढे घाला: शेंग नसेल तर शेंगेचे चित्र नको, आणि 'कारखान्यात बनवलेला वास' हे शब्द दर्शनी बाजूला, मराठीत, ठळक. पुडी खाऊ नका असे मी म्हणत नाही. ती स्वस्त आहे, ज्याला परवडते ते त्याने खावे. पण खोट्या मालावर खऱ्या शेतकऱ्याचे चित्र छापून विकू नका. नाव मोकळे झाले तरच खऱ्या मालाला गिऱ्हाईक ओळखता येईल, आणि तो माल मग वायनाडचा असो की केळशीचा, त्याला भाव मागता येईल.

जिल्हा बैठकीपुढे म्हणून दोन ठराव ठेवतो. एक, व्हॅनिलाच्या शेडसाठी सातबारा गहाण ठेवण्याआधी करार गावसभेत वाचून दाखवावा, आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्याची प्रत तपासावी. दुसरा, लेबलाची वरील मागणी केंद्र आणि राज्य सरकारकडे लेखी पाठवावी.

काकांच्या बागेत आता दोन-तीनच वेल उरले आहेत. मागच्या वर्षी गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने फुले दाबली होती. चार शेंगा काकूंनी मला पुडीत बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत. बैलांचा विषय काकांनी इतक्या वर्षांत कधी काढला नाही. पण पत्रक त्यांच्याही घरी आले होते. माझ्या हातात देऊन ते एवढेच म्हणाले, "साहेब, या वेळी तुम्ही काय सांगणार?"

या वेळी मी हे सांगतो आहे.